नापीक मातीतली फुलं

(दृश्य: दुपदरी रस्ता, भरधाव गाड्या. कडेच्या पांढऱ्या उतारावर पिवळी फुलं.)

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा डॉर्सेट परगणा. वेमथकडे जाणारा हा रस्ता 2011 साली वाहतुकीला खुला झाला. पुढच्याच वर्षी ऑलिम्पिकमधल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती इथल्या समुद्रात होणार होत्या. रस्त्यासाठी टेकडी कापली आणि आतला पांढराशुभ्र खडूचा खडक उघडा पडला. एरवी अशा उतारावर सुपीक मातीचा जाड थर टाकतात, गवत लावतात आणि मोकळे होतात. इथे मात्र माती अगदी नावापुरती ठेवली आणि त्यावर रानफुलांचं बी फेकलं.

शेतकऱ्याला हा शुद्ध वेडेपणा वाटेल. पण रानफुलांचं गणित शेतीच्या उलटं चालतं. माती कसदार असली की दांडगं गवत आणि नेटलसारखं खाजरं तण फोफावतं, बाकीच्यांना ऊनच मिळत नाही. उपाशी जमिनीवर त्यांचा जोर चालत नाही, आणि मग अनेकांना थोडी थोडी जागा मिळते.

(दृश्य: फुलोरा अगदी जवळून.)

हे किडनी व्हेच. फुलांच्या पिवळ्या गुच्छाला बुडाशी कापसासारखी लव. त्यावर बसलंय ते स्मॉल ब्लू, ब्रिटनमधलं सर्वांत चिमुकलं फुलपाखरू. मादी या फुलोऱ्यात अंडं घालते, अळी आतलं कोवळं बी खाऊन वाढते. दुसरी कुठलीच वनस्पती तिला चालत नाही. भर जूनमध्ये इथे यंत्र फिरलं, तर फुलाबरोबर अळीही गेली. उन्हाळ्याच्या शेवटी ती जमिनीवर उतरते. तोवर थांबलं की झालं. या रस्त्याच्या कडेला फुलपाखरांच्या 30 जाती नोंदल्या गेल्या आहेत, म्हणजे ब्रिटनमधल्या जवळजवळ निम्म्या.

एका रस्त्याचं एवढं कौतुक कशाला? कारण 1930च्या दशकापासून इंग्लंड आणि वेल्समधली रानफुलांची सुमारे 97 टक्के कुरणं संपली. काही नांगराखाली गेली, काही खतांनी नुसती हिरवीगार झाली. रस्त्याकडेच्या पट्ट्यांवर ना नांगर फिरला, ना कुणी खत टाकलं. उरलीसुरली फुलं तिथेच तगून राहिली.

(दृश्य: गवत कापणारं यंत्र.)

सगळ्या रस्त्यांना खडूचे उतार कुठून मिळणार? बहुतेक पट्ट्यांची माती कसदारच आहे. गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन तिला वरून खुराक देतो तो वेगळाच. तिथे खरी मेख आहे कापलेल्या गवतात. ते जागीच पडू दिलं तर कुजून पुन्हा खत होतं. तेच उचलून नेलं तर दरवर्षी मातीचा थोडा कस जातो, गवताची वाढ मंदावते आणि पुढे कापण्याच्या फेऱ्याही कमी होतात. म्हणजे खर्च वाचतो. पण गवत ओढून घेणारं यंत्र महाग, आणि गोळा केलेल्या गवतात प्लास्टिकच्या बाटल्या निघाल्या की त्याचं कंपोस्ट करणंही अवघड.

मदतीला एक चोर आहे. येलो रॅटल. ही वनस्पती आपली मुळं गवताच्या मुळांना जोडते आणि त्यांचं पाणी, क्षार पळवते. गवत खुरटतं, मधे जागा होते. वाळलेली बोंडं हलवली की आत बी खुळखुळतं. हे बी मातीत फार काळ टिकत नाही. ते पडण्याआधीच कापणी झाली, तर एकदोन वर्षांत येलो रॅटल तिथून नाहीशी होते.

लोकांच्या तक्रारी येतातच: गवत माजलंय, लक्ष कुणाचं नाही. त्यावर साधा तोडगा आहे. रस्त्यालगतची हातभर पट्टी नीट कापलेली ठेवायची. वळणावर आणि चौकात तर ती कापायलाच हवी, समोरून येणारी गाडी दिसली पाहिजे.

(दृश्य: रात्र. हेडलाइटच्या झोतात गवत.)

मात्र उंच गवत सगळीकडे चांगलं, असं नाही. त्यात व्होल नावाचे उंदरासारखे प्राणी राहतात, आणि त्यांच्या मागावर गव्हाणी घुबड येतं. ते खाली नजर लावून जमिनीलगत उडतं आणि मोठ्या वाहनांखाली सापडतं. म्हणून वेगवान महामार्गांच्या कडेला घुबडांचे अभ्यासक दाट झुडपांची, झाडांची रांग मागतात. तिथे त्याला शिकार करता येत नाही, किंवा वाहनांच्या वरून उडावं लागतं. फुलांची कुरणं त्यांना हवी आहेत ती लहान, संथ रस्त्यांच्या कडेला.