डब्याच्या मागची दोन अक्षरं

नमस्कार. फलकावर विषय लिहिलाय: नव्यात नव्या मानकाचं इंजिन ऑइल कसं शोधायचं. त्यावर मी येणारच आहे, पण आधी एक पाहणी करू. तुमच्या गाडीत कुठल्या ग्रेडचं तेल आहे, हे किती जणांना माहीत आहे? छान, निम्मं सभागृह. आता त्याच तेलाचं एपीआय मानक, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने ठरवलेली दर्जाची पायरी? एसपी, एसएन, एसक्यू, काय? तिसऱ्या रांगेतल्या ताई, एकट्या तुम्ही. ताईंसाठी टाळ्या होऊन जाऊ द्या.

बाकीच्यांचा दोष नाही. डब्यावर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ब्रँड असतो, त्याखाली 'फुल सिंथेटिक', त्याखाली ५डब्ल्यू-३०. ही ५डब्ल्यू-३० ग्रेड फक्त दाटपणा सांगते. थंडीत इंजिन सुरू होताना तेल किती पातळ राहतं आणि तापल्यावर किती दाट उरतं, एवढंच. ही एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेची पद्धत, आणि तिचं मूळ १९११ सालातलं आहे. 'सिंथेटिक' हा शब्द मूळ तेलाबद्दल बोलतो. तेलात मिसळलेली रसायनं कुठल्या काळातल्या इंजिनांच्या चाचण्यांना उतरली आहेत, हे या दोन्हींतून कळत नाही. ते कळतं मागच्या बाजूच्या दोन अक्षरांतून. औषध घेताना आपण नाव, ताकद आणि तारीख तिन्ही बघतो. तेलाच्या बाबतीत मात्र नाव आणि ताकद बघून थांबतो.

आता मला एक गाऱ्हाणं मांडायचंय. थोडा वेळ जाईल, पण ते ऐकल्याशिवाय पुढचं पटणार नाही.

माझ्या मामेबहिणीकडे छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनची गाडी आहे. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारं इंजिन. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी, एकाच वर्कशॉपमध्ये, सगळी बिलं फाईलला लावलेली. एकदा चढावर, वरच्या गिअरमध्ये, इंजिन कमी फेऱ्यांवर असताना तिने अॅक्सिलरेटर दाबला आणि आतून टणकन आवाज आला. आवाज बंद झाला, पण गाडी थरथरायला लागली ती लागलीच. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलं होतं. इंजिन उघडलं तर पिस्टनवरच्या दोन रिंगांमधला धातूचा काठ तुटलेला.

मी त्या वर्कशॉपमध्ये गेलो आणि एकच प्रश्न विचारला: शेवटच्या सर्व्हिसिंगला घातलेलं तेल कुठल्या मानकाचं होतं? बिलावर लिहिलं होतं, 'इंजिन ऑइल, फुल सिंथेटिक'. बस. काउंटरवरचे म्हणाले, "साहेब, चांगल्या कंपनीचं आहे." सुपरवायझर म्हणाले, "साहेब, फुल सिंथेटिक आहे." मॅनेजर म्हणाले, "साहेब, तक्रार आजवर कुणाची नाही." तिघंही सौजन्याने बोलले, तिघांनीही उत्तर दिलं नाही. शेवटी मागच्या बाजूच्या एका मेकॅनिकने मला बॅरलपाशी नेलं आणि कडेची ओळ बोटाने दाखवली. एपीआय एसएल. हे मानक २००१ सालचं. एपीआयच्या तक्त्यात ते २००४ आणि त्याआधीच्या इंजिनांसाठी आहे. ज्या इंजिनात ते ओतलं, ते २००४ मध्ये कुणाच्या कागदावरही नव्हतं.

पिस्टन तेलामुळेच तुटला असं मी म्हणत नाही. ते सिद्ध करता येणार नाही. इंधन, भार, इंजिनची रचना, सगळ्यांचा त्यात वाटा असतो. पण माझा राग त्या पिस्टनपेक्षा त्या बिलावर आहे. पैसे देणाऱ्या माणसाला आपल्या इंजिनात काय गेलं हे लिखित कळू नये, आणि विचारल्यावर तीन माणसांनी 'साहेब, साहेब' करावं, हे मला सहन होत नाही.

त्या टणकन आवाजामागचं शास्त्र बघा. कमी फेऱ्या आणि जास्त भार असताना टर्बो इंजिनात कधी कधी ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. याला एलएसपीआय, म्हणजे लो-स्पीड प्री-इग्निशन म्हणतात. सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल पेट्रोलमध्ये मिसळतं, त्याचे थेंब पिस्टनच्या कडेच्या फटीतून उडतात आणि ठिणगी पडायची वाट न पाहता पेट घेतात, असं याचं मुख्य स्पष्टीकरण आहे. दाब इतका चढतो की पिस्टनचा काठ फुटू शकतो. संशोधकांना आढळलं की तेलातली कॅल्शियमवर आधारलेली डिटर्जंट, म्हणजे इंजिन स्वच्छ ठेवणारी रसायनं, हा प्रकार वाढवतात. मॅग्नेशियमची तेवढा त्रास देत नाहीत. म्हणजे जुन्या इंजिनांत जे रसायन बिनबोभाट काम करत होतं, तेच नव्या इंजिनात अडचणीचं ठरलं! मला हे फार विलक्षण वाटतं. आणि उपाय म्हणून काहीही वाढवता येत नाही. फॉस्फरसची संयुगं झीज रोखतात, पण फॉस्फरस गाडीचा धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो, म्हणून त्यावर ०.०८ टक्क्यांची मर्यादा. हा सगळा तोल सांभाळणारे रसायनशास्त्रज्ञ आपल्याला दिसत नाहीत, त्यांचं काम दोन अक्षरांत मावतं, आणि ती अक्षरं आपण वाचत नाही.

अक्षरांवरून आठवलं. १९४७ मध्ये एपीआयने तेलाचे तीनच प्रकार केले होते: रेग्युलर, प्रीमियम आणि हेवी-ड्यूटी. १९५२ मध्ये इंजिनच्या वापरानुसार वर्गवारी आली. आताची एस आणि सी अक्षरांची पद्धत त्याच्याही नंतरची. ढोबळमानाने एस पेट्रोलसाठी, सी डिझेलसाठी, आणि दुसरं अक्षर जितकं पुढचं तितकं मानक नवं. फक्त मुलांना मुळाक्षरं शिकवायला हा तक्ता घेऊ नका. एचनंतर एकदम जे येतो, जेनंतर एल, एननंतर पी. मधली अक्षरं गाळलेली आहेत. सुरुवातीच्या एसए तेलात पूरक रसायनं नसतात. १९३० नंतरच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांना ते योग्य नाही, असा एपीआयचाच इशारा आहे. आणि माझ्या लाडक्या विंटेज गाड्यांबद्दल सांगायचं तर... अध्यक्षांची चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं. विंटेज राहू द्या, जाहीर केलेल्या विषयावर येतो. भराभर सांगतो, लिहून घ्या.

पेट्रोल गाड्यांसाठी आजचं सर्वांत नवं मानक एपीआय एसक्यू. ३१ मार्च २०२५ पासून त्याचे परवाने मिळू लागले. त्याआधीचं एसपी, मे २०२० चं. त्याआधी एसएन प्लस २०१८ चं आणि एसएन २०१० चं. एलएसपीआयची चाचणी एसएन प्लसपासून आली. एसपीमध्ये टायमिंग चेनच्या झिजेची चाचणी वाढली. एसक्यूमध्ये वापरून जुनं झालेलं तेलही एलएसपीआय रोखतं का, हे बघतात. एसक्यूबरोबरच आयएलसॅक या वाहन उत्पादकांच्या समितीची जीएफ-७ए आणि जीएफ-७बी ही मानकं आली.

डब्यावर काय शोधायचं? गोल वर्तुळाचं चिन्ह. वरच्या कमानीत 'एपीआय सर्व्हिस एसक्यू', मधोमध ग्रेड, खाली काही वेळा 'रिसोर्स कन्झर्व्हिंग', म्हणजे इंधन वाचवणारं. पुढच्या बाजूला किरणांच्या ताऱ्यासारखं चिन्ह असेल तर जीएफ-७ए. ढालीचं चिन्ह असेल तर जीएफ-७बी, आणि तिथे थांबा! ते ०डब्ल्यू-१६ या फार पातळ तेलासाठी आहे. मॅन्युअलमध्ये ती ग्रेड दिली नसेल तर घ्यायचं नाही. नवं मानक बघा, पण दाटपणा मॅन्युअलचाच ठेवा. मॅन्युअलमध्ये 'एसएन किंवा त्यापुढचं' लिहिलं असेल तर एसक्यू चालतं.

चिन्ह नसून नुसतं 'एसक्यूच्या गरजा पूर्ण करते' असं छापलेलं असेल, तर तो उत्पादकाचा स्वतःचा दावा आहे. तेल वाईटच असेल असं नाही, परवाना घेणं ऐच्छिक असतं. पण परवानाधारक तेलाचे नमुने एपीआय बाजारातून उचलून तपासते, दाव्याचे नाही. परवानाधारकांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर नावानिशी शोधता येते. दोन मिनिटांचं काम आहे.

युरोपीय गाड्यांना एवढं पुरत नाही. मॅन्युअलमध्ये एसीईए या युरोपीय वाहन उत्पादकांच्या संघटनेचं सी३, किंवा कंपनीचं स्वतःचं फोक्सवॅगन ५०४ ००, मर्सिडीज २२९.५२ असं मानक असेल तर डब्यावर तोच हवा, आणि 'शिफारस' या शब्दाऐवजी 'मान्यताप्राप्त' असं हवं.

मोटरसायकलवाल्यांनो, गाडीचं एसक्यू तेल घेऊन घरी जाऊ नका. तुमचा क्लच त्याच तेलात बुडलेला असतो, आणि घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी तो घसरू शकतो. तुम्ही जासो या जपानी मानकातलं एमए किंवा एमए२ बघा.

डिझेलला मी न्याय देऊ शकलो नाही. सीके-४ आणि एफए-४ दोन्ही डिसेंबर २०१६ ची. सीके-४ जुन्या बहुतेक इंजिनांना चालतं. एफए-४ पातळ असतं आणि त्यासाठी बनवलेल्या इंजिनांतच घालायचं.

आणि पुढच्या सर्व्हिसिंगला बिलावर ग्रेडच्या शेजारी मानक लिहून मागा. बॅरलमधून तेल घालणार असतील तर बॅरलची कड वाचल्याशिवाय झाकण उघडू देऊ नका. अध्यक्ष उभे राहिले, प्रश्न चहाच्या वेळी घेऊ.