मिरवणूक संपल्यावर रेकॉर्डर सुरू करा

मंडळी, आज मी पुण्याच्या कसबा पेठेबद्दल बोलणार आहे, पण कसबा गणपतीबद्दल नाही आणि लाल महालाबद्दलही नाही. त्यांच्यावर माझ्यापेक्षा चांगलं बोलणारे समोरच बसलेत. मला बोलायचंय ते तिथल्या मंगळवारच्या सकाळी अकराच्या आवाजाबद्दल. सण नाही, मिरवणूक नाही, अशा वेळी पेठ कशी ऐकू येते हे आत्ताच रेकॉर्ड करून ठेवलं पाहिजे. ढोल-ताशांची रेकॉर्डिंगं हवी तेवढी मिळतात, तुमच्या प्रत्येकाच्या फोनमध्ये एक तरी असेल. साधी दुपार मात्र शोधून सापडत नाही.

तुमच्यातल्या वाड्यात राहिलेल्यांना आकाशवाणीच्या 7 वाजून 5 मिनिटांच्या बातम्या आठवत असतील. नळावर बादली लावून जिना चढेपर्यंत एक वाक्यसुद्धा चुकत नसे, कारण प्रत्येक खोलीत तेच चालू. मधेच कुकरची शिट्टी, फरशीवरून सरकवलेला हंडा, वरून कुणाला तरी मारलेली हाक. बातम्यांचा मजकूर कुठेतरी सापडेल. पण दगडी चौकात, लाकडी सज्ज्यांना आपटून येणारा तो घोळ? वाडा पाडून सहा मजले उभे राहिले की तो चौक तसा वाजत नाही. पाडण्याआधी आपण फोटो काढतो, फार तर नकाशे करतो. चौकात उभं राहून एक टाळी वाजवून ती रेकॉर्ड करावी, हे कुणाला सुचत नाही.

आता तांबट आळी. पेशवाईपासून तिथे तांब्याचं काम चालत आलंय. बंब, घंगाळी, हंडे, कळशा. मठारकाम ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना ठाऊक आहे, भांडं लोखंडी ऐरणीवर धरून बोटाबोटाने फिरवत एकावर एक ठोके द्यायचे. हात थांबत नाही, भांडं फिरत राहतं. त्या ठोक्यांनी मऊ तांबं कडक होतं, झळाळी येते आणि अंगावर त्या गोल खुणा उमटतात. आधी भांडं बद्द वाजतं, मठारून झालं की खणखणतं. शेजारच्या दुकानातला ठोका वेगळ्या लयीत, पलीकडच्याचा आणखी वेगळा. आळीच्या तोंडाशी उभं राहिलं की सगळे मिसळून येतात. दहा पावलं आत गेलात की एकेक सुटा होतो.

काही वर्षांपूर्वी या आळीवर एक माहितीपट झाला. कुणी केला ते सोडून द्या. मी त्यांच्याबरोबर हिंडलो, कारागिरांशी ओळखी करून दिल्या, माझी रेकॉर्डिंगंही दिली. दाखवायच्या दिवशी पहिल्या रांगेत बसलो. पडद्यावर हातोडी वर जाते, खाली येते, आणि ऐकू येते सतार! पहिल्यापासून शेवटपर्यंत सतार. नंतर विचारलं, तर म्हणाले, मूळ आवाज गोंगाट वाटत होता. अहो, ज्या आवाजावर घरं चालली, पोरं शिकली, तो गोंगाट? त्या कारागिरांना आपलं काम पडद्यावर दिसलं, ऐकू मात्र आलं नाही. मला अजून त्याचा राग आहे आणि तो जाऊ नये असंच मला वाटतं.

एक गोष्ट स्पष्ट करतो. हा आवाज कानांना त्रास देतो. आपल्याला ऐकायला बरं वाटतं म्हणून कारागिरांनी कान गमवावेत असं माझं म्हणणं नाही, त्यांना कानांचं संरक्षण मिळालंच पाहिजे. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घालतात, तेही हवेतच. फक्त ते आवाज किती ते मोजतात, आणि मी विचारतोय तो आवाज कसला.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. रेकॉर्डिंग कसं करायचं हे सांगायला मला बोलावलं होतं, तेव्हा आता भराभर सांगतो.

फोन चालेल, पण त्याची आवाज सुधारण्याची सोय बंद करा. ती मोठा आवाज दाबते, बारीक आवाज वर ओढते, मग ठोका आणि कुजबुज एकाच मापाची होऊन बसते. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली प्रत जपायची प्रत नव्हे, पाठवताना ती आवळली जाते. जमलं तर साधा स्टीरिओ रेकॉर्डर घ्या, सेटिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, आणि वेव्ह, म्हणजे न आवळलेली फाइल. तासाला साधारण एक जीबी जागा लागते. माइकला वाऱ्यासाठी केसाळ टोपी घाला. पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठा ठोकाही फाटणार नाही.

एका जागी निदान वीस मिनिटं उभे राहा आणि स्वतः बोलू नका. सुरुवातीला मात्र तारीख, वेळ, गल्ली आणि माइकचं तोंड कुठे आहे ते आपल्या तोंडाने सांगा, कारण फाइलचं नाव कधी ना कधी बदलतंच. तीच जागा पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात पुन्हा घ्या. 2024 पासून पेठांच्या पोटातून मेट्रो धावतेय, त्यामुळे रस्त्यावरची वर्दळ बदलेल, तीही पकडा. दारावर कल्हईवाला आला तर सगळं सोडून आधी तो घ्या: भात्याची फुसफुस, नवसागर टाकल्यावरची घासाघास, तापलेलं भांडं पाण्यात बुडताना होणारं चर्र.

माणसांचं बोलणं येणार असेल तर आधी विचारा, नाही म्हणाले तर पुसून टाका. केलेलं रेकॉर्डिंग त्यांना नेऊन ऐकवा, ठोका कुणाचा ते तेच सांगतील, आणि त्यांची हरकत नसेल तर नाव लिहून ठेवा. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. प्रश्न असतील तर बाहेर चहाजवळ विचारा, रेकॉर्डर आणलाय, हातात घेऊन बघा.