अर्ज विद्यार्थ्याचा, नेमणूक शिक्षकाची

श्रोतेहो, नमस्कार. उम्म कुल्थुम या इजिप्शियन गायिकेचे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. त्यांच्या कितीतरी गीतांना चाली देणारे आणि ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवणारे रियाद अल-सुंबाती यांच्याविषयी आज बोलायचे आहे.

१९०६ साली दमिएत्ताजवळील फारस्कुर येथे जन्मलेल्या रियाद यांचे बालपण मन्सुरा शहरात गेले. वडील धार्मिक समारंभांतून गाणारे शेख. मुलगा शाळा चुकवून शेजारच्या सुताराकडे ऊद वाजवत बसतो, हे त्यांनी एकदा प्रत्यक्ष पाहिले; पण ते वादन आणि गाणे ऐकल्यावर रागवायचे राहून गेले आणि त्यांनी मुलाला स्वतःबरोबर कार्यक्रमांना न्यायला सुरुवात केली. लोक त्याला ‘मन्सुराचा बुलबुल’ म्हणू लागले.

पुढे १९२८ साली हे कुटुंब कैरोला आले आणि रियाद यांनी अरबी संगीताच्या संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. अर्ज विद्यार्थ्याचा होता, हे लक्षात ठेवावे. परीक्षकांपुढे त्यांनी ऊद हाती घेतला. या वाद्याला सरोदाप्रमाणेच पडदे नसतात, त्यामुळे बोट केसभर सरकले तरी स्वर ढळतो आणि मकामांतील, म्हणजे अरबी संगीतातील रागांसारख्या स्वररचनांतील, पाव स्वर तर कानाच्या भरवशावरच लावावे लागतात. वादन ऐकून झाल्यावर परीक्षकांनी त्यांना प्रवेश दिलाच नाही. ऊद शिकवण्यासाठी त्यांची नेमणूक केली. पुन्हा सांगतो : अर्ज विद्यार्थ्याचा, नेमणूक शिक्षकाची. आपल्याकडे एवढा गुणी मुलगा आला असता, तर आधी प्रारंभिक परीक्षेचे प्रमाणपत्र मागितले गेले असते, असे मला वाटल्यावाचून राहत नाही.

उम्म कुल्थुम यांच्यासाठी ते १९३०च्या दशकाच्या मध्यापासून चाली रचू लागले. ग्रंथिक अरबीतील जड कविता, म्हणजे कसीदा, सामान्य श्रोत्याच्या ओठी नेणे हे त्यांचे खरे काम. इब्राहिम नागी यांच्या कवितेवरील ‘अल-अतलाल’ १९६६ साली सादर झाले, तेव्हा कवीला जाऊन १३ वर्षे झाली होती. त्यात स्वातंत्र्य मागणाऱ्या ओळीवर चाल वर चढते, तिथे श्रोत्यांचा गलका ध्वनिमुद्रणातही ऐकू येतो.

१९८१ साली सुंबाती निवर्तले. त्यांच्या एकल ऊदवादनाची ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. त्यांतील एक तकासीम, म्हणजे तालाविना केलेला विस्तार, आता ऐकू या.