हौद राज्यांचा, नळ संसदेचा

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

विषयपत्रिकेवर ‘संसदेतील चर्चा : कारागृह सुधारणा आणि सार्वजनिक सुरक्षितता’ असे छापले आहे. या दोन विषयांमधला ‘आणि’ हा शब्द सभागृहात जवळजवळ कधीच ऐकू येत नाही, हे माझे जुने दुःख आहे. सुरक्षिततेची चर्चा विधेयकाच्या निमित्ताने होते, तास-तास चालते आणि तिच्यात ‘कठोर’ हा शब्द पुनःपुन्हा येतो. कारागृहाची चर्चा मात्र प्रश्नोत्तरांत उरकते आणि तिचे उत्तर ठरलेल्या वाक्याने सुरू होते : घटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या चौथ्या नोंदीनुसार कारागृहे हा राज्यांचा विषय आहे. घटनेच्या दृष्टीने हे उत्तर बिनचूक आहे. मात्र त्याच्या आड एक मोठी गोष्ट लपते, आणि ती उघड करण्यासाठीच मी आज उभा आहे.

त्यासाठी आधी एका माणसाविषयी सांगितले पाहिजे. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत विधी सेवेच्या कामासाठी मी एका जिल्हा कारागृहात जात असे. तेथे एक शेतमजूर होता. विहिरीवरची विजेची मोटार चोरल्याचा त्याच्यावर आरोप होता. न्यायालयाने त्याला जामीन दिला होता, अट एवढीच की पंधरा हजारांचा एक जामीनदार हवा. जामीनदार म्हणजे ज्याच्याकडे सातबारा आहे किंवा ऐपतीचा दाखला आहे असा माणूस. याच्या नात्यात कोणाच्याही नावावर गुंठाभर जमीन नव्हती, आणि ओळखीतला एकमेव जमीनमालक हाच खटल्यातला फिर्यादी होता. तारखेच्या दिवशी न्यायालयात न्यायला पोलीस गार्ड मिळत नसे, त्यामुळे आपली अडचण न्यायाधीशांच्या कानावर घालण्याची संधीही त्याला मिळाली नाही. शंभरावर माणसे कोंबलेल्या बराकीत, जामिनाचा आदेश हाती असताना, हा माणूस पाच महिने राहिला. मला त्याचे नाव का कळले नाही, हे नंतर समजले आणि ते आजही मला टोचते. आमच्याकडे येणारी यादी जामीन नाकारलेल्यांची असे. याला जामीन मंजूर झालेला असल्याने तो त्या यादीत नव्हताच. शेवटी मी अर्ज केला आणि दहा मिनिटांत आदेश बदलून त्याची जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सुटका झाली. मधल्या काळात त्याच्या मुलीची शाळा सुटली होती आणि घरावर कर्ज झाले होते. मोटार सापडली नाही, कारण आरोपी आत आहे म्हटल्यावर ती शोधण्याची निकड कोणालाच उरली नव्हती. या पाच महिन्यांत त्या गावाची सुरक्षितता तिळभर तरी वाढली असे मला कोणी दाखवून द्यावे.

आपल्याकडे बोलताना ‘कच्चा कैदी’ आणि ‘पक्का कैदी’ म्हणतात. कारागृहाच्या नोंदवहीत ‘न्यायबंदी’ आणि ‘सिद्धदोष बंदी’ असे शब्द असतात, पण लोकांच्या तोंडचा ‘कच्चा’ हा शब्द मला अधिक खरा वाटतो, कारण या माणसाविषयी अजून काहीच पक्के झालेले नाही, हे त्यात स्पष्ट आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकडेवारीनुसार देशातल्या कारागृहांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि आत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे शंभरातली सुमारे शहात्तर, कच्ची होती. या दोन आकड्यांकडे नीट पाहा : एकट्या कच्च्या कैद्यांनीच जवळजवळ सगळी क्षमता व्यापलेली होती. १९७९मध्ये हुसैनारा खातून खटल्यात बिहारमधल्या कैद्यांची अवस्था सर्वोच्च न्यायालयासमोर आली, तेव्हा गुन्हा सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती त्याहून अधिक काळ काही जण आत असल्याचे आढळले. त्या खटल्याने जलद न्यायाचा हक्क घटनेच्या कलम २१मध्ये, म्हणजे जीवित व स्वातंत्र्याच्या हक्कात, स्पष्टपणे रोवला. तरीही पंचेचाळीसहून अधिक वर्षांनी आपण त्याच ओट्यावर बसलो आहोत.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम ६२(५)नुसार कोठडीतल्या माणसाला मतदान करता येत नाही. दोष सिद्ध झालेला असो वा नसो, बंदी सारखीच. अपवाद फक्त प्रतिबंधक स्थानबद्धतेचा, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून खटल्याविना आत ठेवलेल्यांचा. उलट, तोच कच्चा कैदी निवडणूक लढवू शकतो. म्हणजे तो सभागृहात जाऊ शकतो, पण तिथे कोणाला पाठवावे हे सांगू शकत नाही. ज्यांच्या मताची गरज नाही त्यांच्यासाठी सभागृहात कोण किती वेळ उभे राहील, याचा विचार आपणच करा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे आणि मूळ मुद्दा अजून व्हायचा आहे, म्हणून तो थोडक्यात मांडतो.

कारागृह राज्यांचे आहे, हे मान्य. पण अटक, जामीन आणि फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्ये दोघांनाही कायदे करता येणाऱ्या विषयांत, आहेत आणि त्यांचे मुख्य कायदे संसदेनेच केले आहेत. हौद राज्यांचा असला तरी त्यात पाणी सोडणारा नळ संसदेच्या हाती आहे. फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या नावातच सुरक्षा आहे आणि कारागृहातली गर्दी ज्यावर अवलंबून आहे ते जामिनाचे नियमही तिच्यातच आहेत. या संहितेचे विधेयक २० डिसेंबर २०२३ रोजी लोकसभेत आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेत संमत झाले, तेही विरोधी बाजूचे अनेक सदस्य निलंबित असताना. तिच्या कलम ४७९नुसार याआधी कधीही दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचे आहे; मृत्युदंड किंवा जन्मठेपेचे गुन्हे वगळून. ही तरतूद चांगली आहे. पण पोटकलम २ म्हणते की एकापेक्षा अधिक गुन्ह्यांचा तपास किंवा खटला प्रलंबित असेल तर हा लाभ नाही, आणि एकाच कलमावर थांबणारे दोषारोपपत्र मी तरी क्वचितच पाहिले आहे. या ओळीवर तासभर वाद व्हायला हवा होता.

म्हणून माझी मागणी अशी आहे. प्रत्येक विधेयकाला उद्देश व कारणांचे निवेदन जोडतात, खर्च होणार असेल तर वित्तीय ज्ञापन जोडतात. नवा गुन्हा निर्माण करणाऱ्या, शिक्षा वाढवणाऱ्या किंवा जामीन अवघड करणाऱ्या विधेयकाला तिसरे पत्रक जोडावे : याने किती माणसे किती काळ आत राहतील, आणि त्यांना ठेवायला जागा कोठे आहे. शिवाय कारागृहे समवर्ती सूचीत घ्यावीत, ही कारागृह सुधारणांसाठीच्या मुल्ला समितीने १९८३मध्ये केलेली शिफारस निदान चर्चेला यावी.

आणि तोवर काय करायचे, तर कलम ४७९च्या पोटकलम ३नुसार मुदत भरलेल्या बंदीसाठी कारागृह अधीक्षकाने न्यायालयाकडे लेखी अर्ज करायचा आहे. असे किती अर्ज गेले, किती निकाली निघाले आणि किती माणसे सुटली, एवढाच एक तारांकित प्रश्न, म्हणजे खासदाराने विचारल्यावर मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते असा प्रश्न, मी लिहून आणला आहे. हे कर्तव्य संसदेनेच लिहिलेल्या कलमातून आले असल्याने याला राज्यसूचीचे उत्तर पुरणार नाही. प्रती दाराजवळच्या टेबलावर आहेत. आपापल्या खासदारांच्या कार्यालयात तारखेसह पोच घेऊन द्याव्यात.