कळकाच्या पोकळीतलं यीस्ट

बेळगावहून जांबोटीकडे जाताना लागणारा हा गोठा. वर मंगलोरी कौलं, खाली कळकाचे वासे. वाशाच्या उघड्या टोकाकडे बघा. पानाचा हिरवा तुकडा घेऊन माशी आत शिरली. ही पानं कातरणारी, एकटी राहणारी मधमाशी. हिला ना राणी, ना कामकरी. घर बांधणं, शिधा भरणं, अंडी घालणं, सगळं हिचं हिलाच.

परसातल्या गुलाबाची पानं ती जबड्यानं कातरते. भिंतीला लांबट तुकडा, झाकणाला गोल. तो भोकात कसा चपखल बसतो, पाहिलंत? खोली तयार झाली की आत पराग आणि मकरंद कालवलेला गोळा, गोळ्यावर एक अंडं, मग झाकण. लगेच पुढची खोली.

बदलून टाकलेल्या वाशातला हा एक कळक, उभा चिरलेला. गोळा पिवळा, ओलसर. नाकाशी नेला की आंबूस वास येतो. आता सूक्ष्मदर्शकातून. मोठे दिसतात ते परागकण. त्यांच्या मधले इवलेसे लंबगोल, अंगावर कोंब फुटलेले, ते यीस्ट.

हे आलं फुलातून. पोळ्यातल्या मधमाशीला सूक्ष्मजीव घरच्या माश्यांकडून मिळतात. इथं पिल्लू बाहेर पडतं तेव्हा आई बहुधा हयात नसते. म्हणून बांधावरच्या तुरीचं फूल हीच यांची चावडी. आधी भुंगा येऊन जातो, मागून ही येते. त्याच्या जिभेवरून मकरंदात उतरलेलं यीस्ट हिच्या जिभेला लागतं आणि घरी येतं.

गोळ्यात साखर भरपूर, पाणी कमी. अशा जागी तगणाऱ्या यीस्टपैकी स्टार्मेरेला माश्यांच्या घरट्यांत देशोदेशी सापडते. कॅनडात बंबलबी या जाड, केसाळ मधमाशीच्या मधात मिळालेली तिची एक जात आज कारखान्यात वाढवतात; तिच्यापासून मिळणारा पदार्थ भांडी घासायच्या साबणात जातो.

अळी गोळा खाते तो यीस्टसकट. प्रयोगशाळेत अशाच एकट्या राहणाऱ्या माशीच्या अळ्यांना निर्जंतुक केलेला पराग दिला, तर त्या खुरटल्या आणि जास्त मेल्या.

शेजारच्या मळ्यात टोमॅटोवर बुरशीनाशक चाललंय. यीस्ट ही बुरशीच. फुलात उडालेला फवारा तिलाही लागतो.

तूर फुलात असताना वारा तिकडं असेल तर पंप थांबवा. वासे बदलाल तेव्हा जुने कळक चुलीत घालू नका, वळचणीला बांधून ठेवा. पानांनी बंद केलेल्या भोकांत अळ्या असतात.