उतरणं आधी, शिखर नंतर

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘एकट्याने, एका दिवसात अस्तंभा : वेळेचं गणित’. गणिताकडे येतोच. पण त्याआधी घसाऱ्याबद्दल, म्हणजे सुट्या दगड-मुरमाच्या निसरड्या उताराबद्दल, बोलू द्या, कारण एकटा माणूस अडकतो तो तिथेच.

अस्तंभा हा नंदुरबार जिल्ह्यातला, सातपुड्यातला डोंगर, उंची १,३२५ मीटर. अश्वत्थामा जखमेला तेल मागत इथे फिरतो ही कथा तुम्हाला मी सांगायला नको. दिवाळीच्या यात्रेत वाट माणसांनी भरलेली असते. पाय घसरला तर पुढचा हात देतो, मागचा सावरतो. एरवी त्याच डोंगरावर तुम्ही एकटे, आणि हात देणारं कुणी नाही. डोंगर तोच, पण नियम सगळे बदलतात.

आपला दगड आधी ओळखा. सातपुड्यात आणि धुळे-नंदुरबारच्या माळावर बेसाल्टच्या, म्हणजे लाव्हाच्या काळ्या कातळाच्या, थरांना उभ्या चिरत गेलेल्या भिंती दिसतात, त्या डाईक. लाव्हा भेगेत शिरून थिजला, भोवतालचा दगड झिजला आणि भिंत उरली. थिजताना अशा भिंतीला आडवे तडे जातात, त्यामुळे ती आडव्या रचलेल्या लाकडांच्या मोळीसारखी दिसते. चढायला अगदी शिडी! आणि फसवते ती इथेच. मोळीतलं लाकूड बाहेर ओढलं की निघतं, तसाच हा दगडही निघतो. म्हणून पकड घेण्याआधी तळहाताने थाप मारा. टणक आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर सोडा. धरलेला दगड खाली दाबा, स्वतःकडे ओढू नका. दोन हात, दोन पाय, यातले तीन कायम टेकलेले. एका वेळी एकच हलवायचा. दगडावर गवताचा झुपका असेल तर त्याला हात लावू नका. दिवाळीनंतर तो वाळतो आणि मुळासकट हातात येतो.

आता मुरूम. नुसत्या मुरमाच्या उतारावर टाच रुतते, निभावतं. वाईट असतो तो पक्क्या कातळावर सांडलेला पातळ मुरूम. फरशीवर ज्वारी सांडल्यावर पाय कसा सरकतो, तसंच. अशा जागी बुटाने आधी झाडून घ्या, मग पाऊल टाका. गुडघे सैल, वजन पायांच्या बरोबर वर. भीती वाटली की माणूस मागे, डोंगराकडे रेलतो आणि रेलला की पाय पुढे निसटतात. बसून सरकणं फक्त शेवटचा तळ दिसत असेल तरच.

(आग्यामोहोळाचं विचारलंत ते बरं केलं. कड्याखाली काळे पोळे दिसले तर अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको. त्या कड्याची वाटच सोडायची.)

माझा आग्रह एवढाच आहे. ‘शिखर सर केलं’ म्हणताना आपण अर्धाच प्रवास मोजतो. चढताना पकड डोळ्यांसमोर असते, उतरताना ती पायाखाली, न दिसणारी. म्हणून कातळटप्प्यावर दोन-तीन पावलं चढलात की एक पाऊल उलटं उतरून बघा, तोंड दगडाकडे ठेवूनच. नाही उतरता आलं, तर पुढे चढायचं नाही. दुसरी गोष्ट सोंडांची, म्हणजे माथ्यावरून खाली उतरत जाणाऱ्या डोंगरधारांची. चढताना सगळ्या सोंडा वर एकत्र येतात, उतरताना फुटतात. चुकीची सोंड धरली की ती थेट कड्यावर नेऊन सोडते. दर फाट्यावर मागे वळून बघा, दोन दगड एकावर एक ठेवा आणि उतरताना ते पाडून या.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. आता गणित, भराभर.

डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या आत मावळतो. पाचला पायथ्याशी परतायचं ठरवा. सातला निघालात तर दहा तास. एक तास विश्रांतीचा, एक वाट चुकण्याचा. उरले आठ, त्याचे अर्धे चार. विश्रांतीतला अर्धा तास चढताना जाईल, म्हणजे साडेअकरा. साडेअकराला जिथे असाल तिथून माघारी, शिखर शंभर पावलांवर असलं तरी.

शिखर या चार तासांत बसतं का, ते घरीच काढा. स्कॉटलंडच्या नेस्मिथ या गिर्यारोहकाचा १८९२ सालचा आडाखा आहे : पाच किलोमीटरला एक तास, आणि वर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. समजा, सहा किलोमीटर आणि ८०० मीटर चढ, म्हणजे दोन तास ३२ मिनिटं. आपल्या घसाऱ्याला आणि उन्हाला दीडपट करा, तीन तास ४८. बसतंय. त्याहून मोठा डोंगर असेल तर एकट्याने एका दिवसात नाही.

पाणी चार लिटर, अर्धं संपलं की तोही परतीचा इशारा. कळण्याची भाकरी, शेंगदाणे, गूळ, चिमूटभर मीठ. आदल्या रात्री वरण-बट्टी असेल तर तूप जरा हात राखून, बरं का! बॅटरी दिवसाही सोबत. दरीत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून पायथ्याच्या गावात एका घरी कागद देऊन ठेवा : कोणत्या सोंडेने वर, कोणत्या वाटेने खाली, किती वाजेपर्यंत आलो नाही तर शोधायला यायचं. आणि शिट्टी गळ्यात हवी, पिशवीत नको. अडकलात तर मिनिटात सहा वेळा फुंका, एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. उत्तरादाखल तीन शिट्ट्या ऐकू आल्या तर जागा सोडू नका.