कागद तुमचा, शब्द तिचे

(पडद्यावर मोबाइल. ग्रुपवर एक स्क्रीनशॉट उघडतो.)

रात्रीचे साडेअकरा. सोसायटीच्या ग्रुपवर हा स्क्रीनशॉट येऊन पडतो. वरचं नाव लाल रेघेने खोडलंय, पण डीपीचा छोटा गोल तसाच राहिलाय. गॅलरीतल्या तुळशीशेजारी काढलेला फोटो. तो कुणाचा, हे बिल्डिंगमधलं शेंबडं पोरही सांगेल.

तिने एकाच शेजारणीला लिहिलं होतं, "यांची नोकरी गेलीये. मेंटेनन्सला दोन महिने उशीर होईल. कुणाला बोलू नकोस गं."

सकाळपर्यंत ते सगळ्या विंगांत पोचलेलं असतं. अशी गोष्ट आपल्यापैकी कितीजणांनी जवळून पाहिली असेल!

मेसेज आपल्याला आला, म्हणजे तो आपला झाला का?

हा प्रश्न मोबाइलपेक्षा फार जुना. 1741 साली लंडनमध्ये कवी अलेक्झांडर पोप यांनी एडमंड कर्ल या पुस्तकविक्रेत्याला कोर्टात खेचलं. पोप आणि जोनाथन स्विफ्ट यांचा पत्रव्यवहार कर्लने परस्पर छापला होता. न्यायाधीश लॉर्ड हार्डविक यांनी सांगितलं, पत्र ज्याला आलं त्याचा फार तर कागदावर हक्क. ते छापायची मुभा त्याला नाही. मला यातला पुढचा भाग फार मोलाचा वाटतो. मनाई मिळाली ती पोपनी स्वतः लिहिलेल्या पत्रांपुरती. त्यांना आलेल्या पत्रांवर त्यांचाही हक्क चालला नाही.

आपला 1957चा कॉपीराइट कायदाही साधारणपणे लिहिणाऱ्यालाच पहिला मालक धरतो. आणि ऑगस्ट 2017मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं.

तरीही नुसता स्क्रीनशॉट पुढे पाठवला म्हणून पोलिस दारात येत नाहीत. आत काय आहे, यावर सगळं ठरतं. बदनामी असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 356, दोन वर्षांपर्यंत कैद. "खरं तेच टाकलं ना!" एवढ्यावर तिथे सुटका नाही, ते उघड करण्यात लोकांचं हित होतं, हेही दाखवावं लागतं. कुणाच्या शरीराच्या खासगी भागाचा फोटो संमतीशिवाय फिरवला, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66ई आहे, तीन वर्षांपर्यंत.

(पडदा काळा. फक्त मेसेजचा आवाज, पुन्हा पुन्हा.)

पण मेसेज धमकीचा असेल तर? रोज रात्री कुणी घाणेरडं लिहीत असेल तर? त्या माणसाचं गुपित तिने का सांभाळायचं? वरिष्ठांकडे, चौकीत, कुणीच ऐकलं नाही म्हणून एखादी ते चारचौघांत मांडते, तेव्हा मी तिच्या बाजूने उभी आहे. तिने फक्त मूळ मेसेज डिलीट करू नये, फोन जपून ठेवावा. कोर्टात अशा पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63चं प्रमाणपत्र लागतं, आणि कापलेला स्क्रीनशॉट तिथे लंगडा पडतो.

तुळशीजवळच्या त्या बाईने मात्र कुणाला धमकावलं नव्हतं, फसवलं नव्हतं. दोन महिन्यांची सवड मागितली होती.

सकाळी ती दुधाच्या पिशव्या घेऊन लिफ्टमध्ये शिरली, तेव्हा चाललेलं बोलणं थांबलं. शेजारीण म्हणाली, "अगं, मी एकीलाच पाठवला होता."

संध्याकाळी डीपीच्या जागी नुसता राखाडी गोल होता.